घसा, गुडघा आणि २१ दिवसांची वही

माझ्या दहा वर्षांच्या लेकीला रूमॅटिक फीवर, म्हणजे सांधे आणि हृदय धरणारा ताप, झाल्याचे निदान १३ ऑगस्ट २०२४ रोजी झाले. त्याची सुरुवात पाच आठवडे आधी, घशाच्या एका साध्या वाटणाऱ्या दुखण्यातून झाली होती. घसा आणि गुडघा यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, यजमान मुंबईला नोकरीस असतात आणि गावच्या घरी सासूबाई, मी व लेक अशा तिघीच असतो. त्या पाच आठवड्यांत डोळ्यांना दिसत होते पण ध्यानात येत नव्हते, ते सारे मी तारखांसह लिहिते आहे. एखाद्या आईला किंवा आजीला यातले एखादे लक्षण वेळेवर ओळखता आले, तर तिच्या लेकराचा पुढचा त्रास टळू शकेल.

मंगळवार, ९ जुलै. आठवडाभर पाऊस थांबलेला नव्हता, घरात ओल्या कपड्यांच्या दोऱ्या होत्या आणि शाळेत प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले तापाने गैरहजर होती. दुपारी शाळेतून आल्यावर लेक म्हणाली की थुंकी गिळतानासुद्धा घसा दुखतो. सकाळपर्यंत ती अगदी बरी होती. संध्याकाळी १०२ ताप चढला, डोके व पोट दुखू लागले आणि रात्री एक उलटी झाली. खोकला नव्हता, नाकही वाहत नव्हते. सर्दी नाही म्हणजे दुखणे किरकोळ आहे, असे मी त्या रात्री मनाशी म्हटले, आणि नेमके तेच चुकीचे होते. विषाणूंमुळे घसा धरतो तेव्हा बहुधा सोबत खोकला, वाहते नाक, बसलेला आवाज किंवा लाल डोळे असतात. घसा अचानक आणि जोरात दुखू लागला, ताप आला, पण खोकला-सर्दीचा मागमूस नाही, असे असेल तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची शंका घ्यायची असते. हे मला महिन्याभराने समजले.

दोन दिवस काढा आणि मीठ-हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करून ११ तारखेला गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला तिचा घसा दाखवला. दोन्ही बाजूंच्या गाठी, म्हणजे टॉन्सिल्स, लालभडक होऊन सुजल्या होत्या आणि त्यांवर पांढरट ठिपके होते. जबड्याखाली मानेच्या पुढच्या भागात बोट लावले की ती कळवळत होती. त्यांनी पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले, ते संपताच पुन्हा दाखवायला सांगितले आणि तपासणी व औषधे मिळून ४१० रुपये झाले. तिसऱ्या दिवशी ताप गेला, ती भात-पिठी जेवू लागली, आणि पोटात उष्णता होते म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या. पुन्हा दाखवायलाही गेलो नाही. उरलेल्या चार गोळ्यांची पट्टी कपाटात कितीतरी दिवस तशीच होती. दोष डॉक्टरांचा नव्हता, आमचा होता, आणि तो मी इथे स्पष्ट लिहिते, कारण ताप उतरला की औषध थांबवणे ही आपल्याकडे घरोघरची रीत आहे. या जंतूसाठी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पोटातून द्यायचे असेल तर ते पुरे दहा दिवस द्यावे लागते, म्हणूनच पाचव्या दिवशी पुन्हा दाखवणे गरजेचे होते. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले आणि ते पूर्ण घेतले, तर पुढचा रूमॅटिक फीवर बहुतेक वेळा टळतो. आमच्या हातात ते नऊ दिवस होते.

पुढचे तीन आठवडे ती शाळेत गेली, खेळली, आषाढी एकादशीच्या दिंडीत चालली. २ ऑगस्टला, शुक्रवारी, उजवा गुडघा दुखू लागला. शाळेच्या आवारातील शेवाळावर घसरली असेल, असे मला वाटले. सासूबाईंनी उंडेल तेल कोमट करून चोळले आणि म्हणाल्या, “वाढत्या आंगाचां दुखणां तां, आपसूक जातलां.” वाढीच्या वयात पाय दुखतात हे खरे आहे, पण ते दुखणे बहुधा रात्री, दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल उड्या मारू लागते. त्यात सांधा सुजत नाही. हिचा गुडघा सुजला होता, हाताला गरम लागत होता आणि चादरीचा स्पर्शही तिला सोसत नव्हता. ५ तारखेला गुडघा जवळजवळ बरा झाला आणि डावा घोटा धरला. ८ तारखेला घोटा उतरला, उजवे कोपर सुजले आणि बारीक ताप येऊ लागला. एक सांधा सोडून दुखणे दुसऱ्या सांध्यात जाते आहे, हे पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. मधल्या काळात दोनदा मी घरातली वेदनाशामक गोळी दिली होती. निदानाआधी अशी गोळी दिली की सूज झटकन उतरते आणि दुखण्याचा हा फिरता स्वभाव झाकला जातो, म्हणून तपासणी होईपर्यंत ती टाळावी, असे नंतर सांगण्यात आले.

९ ऑगस्टला नागपंचमी होती. सुट्टीचा दिवस साधून आम्ही कणकवलीला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कोपर पाहिले, छातीवर बराच वेळ स्टेथोस्कोप ठेवला, तिला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ऐकले आणि मग विचारले, “बाई, गेल्या महिनाभरात हिचा घसा बिघडला होता का?” मला तारीख चटकन आठवली नाही. औषधाची चिठ्ठी पर्समध्ये होती म्हणून ११ जुलै सांगता आली. त्या चिठ्ठीवरून घसा आणि गुडघा यांमधले अंतर त्यांनी मोजले तेव्हा ते २४ दिवस निघाले. घशाच्या संसर्गानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी हे दुखणे डोके वर काढते, असे ते म्हणाले. तोवर घसा पूर्ण बरा झालेला असतो, आणि त्यामुळे घरचे लोक ती गोष्ट सांगतही नाहीत.

हे कसे होते तेही त्यांनी समजावले. या जंतूच्या अंगावरची काही प्रथिने आपल्या हृदयातील आणि सांध्यांतील घटकांशी मिळतीजुळती असतात. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली फौज मग स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर व सांध्यांवर उठते. सांधे काही दिवसांत पूर्ण बरे होतात, पण झडपेवर कायमचा वण राहू शकतो. हा ताप सांधे नुसते चाटतो आणि हृदयाला मात्र चावतो, असे एक जुने वचन डॉक्टरांमध्ये आहे. ते ऐकल्यावर मी काही क्षण काहीच बोलू शकले नाही. लेक शेजारीच बसली होती आणि तिने फक्त एवढेच विचारले, “आई, मला उद्या शाळेत जाता येईल ना?”

रक्ताच्या तपासण्यांना १,४५० रुपये लागले व अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाले. शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ९२ होता व सीआरपी वाढलेले होते, आणि एएसओ ८०० होते. एएसओविषयी इथे मुद्दाम लिहिते. तो आकडा वाढला म्हणजे नुकताच स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला, इतकाच त्याचा अर्थ आहे. शाळकरी मुलांमध्ये तो इतर वेळीही थोडा चढा सापडतो. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या भाचीला केवळ एएसओ जास्त आला म्हणून कित्येक महिने इंजेक्शने दिली गेली आणि नंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी ती अनावश्यक ठरवली. रूमॅटिक फीवरचे निदान डॉ. जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या व अलीकडे २०१५ मध्ये सुधारलेल्या निकषांवर होते. त्यांत हृदयाचा दाह, सांध्यांची सूज, हातापायांच्या अनावर हालचाली, अंगावरचे विशिष्ट कडे असलेले चट्टे आणि कातडीखालच्या न दुखणाऱ्या गाठी ही मुख्य लक्षणे धरतात, आणि ताप, वाढलेला ईएसआर यांसारखी गौण. लेकीच्या बाबतीत सांध्यांची सूज दिसतच होती; हृदयाचा दाह होता की नाही, हे ठरवण्यासाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणे आवश्यक होते.

सोमवारी, १२ ऑगस्टला, आम्ही फोंडा घाटातून दाजीपूर, राधानगरीमार्गे एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. महिलांना अर्धे तिकीट आणि लेकीचेही वय बाराच्या आत, त्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. घाटात धुके इतके होते की एरवी दोन वळणांत मळमळणारी लेक माझ्या मांडीवर डोके ठेवून शांत झोपली होती, आणि मी तिच्या मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत होते. झोपेतसुद्धा नाडी मिनिटाला ११८ लागत होती. हे मोजायला कणकवलीच्या डॉक्टरांनीच सांगितले होते, कारण तापाने वाढलेली नाडी झोपेत पुष्कळशी खाली येते आणि हृदयाचा दाह असेल तर ती चढीच राहते.

मंगळवारी सकाळी नऊला नंबर लावला, दुपारी दीडला इको झाला. तपासणी शुल्क ८००, ईसीजी ३०० आणि इको २,२०० रुपये. राहण्या-जेवणासह ही फेरी साडेपाच हजारांच्या आसपास पडली. हा खर्च जनआरोग्य योजनेतून होईल, अशी माझी समजूत होती आणि मी केशरी शिधापत्रिका, आधार असे सगळे सोबत नेले होते. रुग्णालयात दाखल न होता केलेली तपासणी त्यात बसत नसल्याचे तिथल्या आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या मदतनिसांनी, नीट समजावून सांगितले. पैसे घेऊन निघणे बरे. इकोमध्ये डावीकडच्या मायट्रल झडपेतून सौम्य गळती दिसली. हृदयाचा आकार वाढलेला नव्हता. “वेळेत आलात,” असे डॉक्टर म्हणाले. मला ते वेळेत वाटत नव्हते, पण त्यांनी दररोज पाहिलेल्या मुलांच्या मानाने ते खरे असावे. दम लागून, पायांवर सूज घेऊनच पहिल्यांदा पोचणारी मुले त्यांच्याकडे येत होती.

ॲस्पिरिन सुरू झाले आणि दोन दिवसांत कोपराची सूज पूर्ण गेली. ते भरल्या पोटीच द्यायचे, आणि ते चालू असताना कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर लगेच कळवायचे, असे बजावले होते. बुधवारी, १४ ऑगस्टला, बेन्झाथिन पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन दिले. तिचे वजन २९ किलो असल्यामुळे मात्रा १२ लाख युनिटची ठरली. दर २१ दिवसांनी एक, आणि किमान दहा वर्षे किंवा वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि आकडा अडीचशेच्या पुढे गेला. तिथल्या सिस्टरांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. घसा पुन्हा त्याच जंतूने धरला तर हा ताप उलटतो आणि प्रत्येक वेळी झडप आणखी बिघडते, म्हणून हे इंजेक्शन आजार बरा करण्यासाठी नसून पुढचा घाला अडवण्यासाठी असते. या जंतूवर अद्याप लस नाही. दिलासा एवढाच की १९२८ मध्ये सापडलेल्या पेनिसिलिनला हा जंतू आजही शरण येतो.

घरातील इतरांविषयीही डॉक्टरांनी विचारले. शेजारच्या चुलत दिरांच्या मुलाच्या पायांवर डास चावून खाजवलेल्या पुळ्या झाल्या होत्या आणि त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरली होती. पावसाळ्यात आमच्याकडे अशा पुळ्या इतक्या मुलांना होतात की त्याला कोणी दुखणे मानत नाही. त्याही बऱ्याचदा याच जंतूच्या असतात. अशा पुळ्यांनंतर तीन ते सहा आठवड्यांत सकाळी डोळ्यांभोवती व चेहऱ्यावर सूज आली, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट आणि कमी होऊ लागली, तर ती मूत्रपिंडाच्या दाहाची खूण असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे असते. पुतण्याला औषध दिले, नखे कापली, आणि मी सप्टेंबर संपेपर्यंत रोज सकाळी त्याचा चेहरा पाहत होते. त्याला काही झाले नाही. याच जंतूमुळे घशाबरोबर अंगावर पॉलिश पेपरसारखे खरखरीत लाल पुरळ आणि लालबुंद, दाणेदार जीभ असा स्कार्लेट फीवर होतो. क्वचित हा जंतू त्वचेखाली खोल पसरतो. वरून जखम लहान दिसते पण वेदना तिच्या मानाने असह्य असतात, आणि लाली तासातासाला वाढत जाते. तसे झाले तर सकाळपर्यंत थांबायचे नसते.

घरी आल्यावर खरी अडचण पुढच्या इंजेक्शनची होती. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते, म्हणून दोन दवाखान्यांनी ते देण्यास नकार दिला. एका ठिकाणी औषध हाती घेऊन परत ठेवले गेले. त्या भीतीत तथ्य आहे हे मी समजू शकते, तरी ४ सप्टेंबर जवळ येत होता आणि मी दररोज कोणाला तरी विनंती करत होते. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून निदान, मात्रा, कालावधी, आधी चाचणीची मात्रा द्यावी आणि तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवावे अशा स्पष्ट सूचनांचे पत्र मागवले. ते दाखवल्यावर एका ग्रामीण रुग्णालयाने जबाबदारी घेतली. तिथे केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. माझी कळकळीची सूचना आहे की निदान झाल्याच दिवशी असे सही-शिक्क्याचे पत्र मागून घ्यावे आणि त्याच्या चार प्रती काढून ठेवाव्यात.

हे इंजेक्शन दुखते. पावडर पाण्यात मिसळून होणारे औषध दाट असते आणि सुई मधेच अडते. सिस्टरांनी आणि आम्ही मिळून हळूहळू काही गोष्टी बसवल्या. औषध तळहातात धरून थोडे कोमट करायचे, स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचे, टोचण्याआधी त्या जागी अंगठ्याने दहा सेकंद दाबायचे, आणि औषध दोन-तीन मिनिटे घेऊन सावकाश सोडायचे. लेक उपाशी नसावी, कारण दुसऱ्या वेळी तिला भोवळ आली होती ती रिकाम्या पोटामुळेच. नंतर अर्धा तास तिथेच बाकावर बसायचे. एका वेळी डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. ती त्या वेळी माझा हात धरत नाही, ओढणीचे टोक मुठीत धरते.

जानेवारी २०२५ मध्ये औषध तालुक्यात कुठेच मिळेना. यजमानांनी मुंबईहून दोन बाटल्या पाठवल्या, आणि तेव्हापासून पुढच्या दोन तारखांचे औषध आधीच घरात असते. एक वही केली आहे. तीत तारीख, बाजू, बॅच क्रमांक, देणाऱ्यांची सही आणि त्या २१ दिवसांत घसा, ताप, सांधे यांतले काही दुखले का, याची नोंद असते. याशिवाय मी तिच्या शुद्धलेखनाच्या वह्याही तारखेनुसार जपून ठेवते, कारण हातांच्या अनावर हालचालींचे ते लक्षण काही महिन्यांनीसुद्धा उमटू शकते आणि ते आधी बिघडलेल्या अक्षरात दिसते. आजवर अक्षर सुवाच्य आहे.

शाळेला वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन पहिले तीन महिने खेळाच्या तासातून सूट घेतली. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, तेव्हा मी तिची कागदपत्रे पुढे ठेवली. या कार्यक्रमातल्या आजारांच्या यादीत रूमॅटिक हृदयविकार आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. पथकाच्या डॉक्टरांनी संदर्भपत्र दिले आणि फेब्रुवारीत ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात शिबिरात इको विनाशुल्क झाला. आधार, शिधापत्रिका, शाळेचा दाखला आणि जुना इको अहवाल एवढेच लागले. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत बसावे लागले, त्यामुळे डबा नेणे आवश्यक. गळती वाढलेली नव्हती. ऑगस्ट २०२५ च्या इकोमध्ये ती अगदी पुसट दिसली. म्हणून इंजेक्शने थांबवता येतील का, असे मी विचारले. झडप सुधारते आहे ती त्यांच्याचमुळे, असे उत्तर मिळाले.

एकोणिसावे इंजेक्शन २७ ऑगस्टला, नेमके गणेश चतुर्थीला येत होते. एक-दोन दिवस आधी चालते, उशीर चालत नाही, हे पत्रात लिहिलेले आहे. त्यामुळे ते मंगळवारी, २६ तारखेला घेतले. सिस्टरांनी मोदकांसाठी नारळ हवे आहेत का विचारले आणि लेक पाय ओढत बसथांब्यापर्यंत चालली. गेल्या वर्षी ती ओटीवर गोधडी पांघरून आरत्या ऐकत होती. यंदा गौरीच्या रात्री तिने फुगड्या घातल्या, आणि दमली की आपणहून थांबून स्वतःची नाडी मोजत होती. वहीत पुढची तारीख १६ सप्टेंबर आहे, बाजू डावी.